गुंजेचा डोळा

वृषाली म्हणाली, अण्णा, आज तरी या बघायला.
शटर अर्धं ओढलं, हात पुसले
(टाकणखार नखांत राहतोच)
आणि सराफ बाजारातून निघून, गिरणेचा पूल ओलांडून
तिच्या टेकडीवरच्या प्रयोगशाळेत गेलो.
वैशाख. संध्याकाळचे पाच,
तरी फाटकाचं लोखंड भाजत होतं.

आत गारवा. चपला बाहेर.
टेबलावर काचेचा चौकोन, नखाएवढा,
पुण्याहून आलेला, माझ्या हिऱ्यांहून जपून.
"यावर खांब आहेत, अण्णा. कोट्यवधी.
केसाच्या चारशेव्या हिश्श्याएवढे,
कुठला जाड, कुठला बारीक."
मी सवयीने डोळ्याला भिंग लावलं.
तेलाच्या तवंगासारखी झाक, बाकी काही नाही.
चाळीस वर्षं जडाव केला,
भिंग असं कधी कमी पडलं नव्हतं.

"हे खांब करतात काय?"
"उजेडाला अडवतात जरा जरा.
कुठे जास्त, कुठे कमी.
मग पलीकडे एका जागी
एका लाटेचा चढ आणि दुसरीचा उतार
तंतोतंत समोरासमोर येतात.
तेवढ्या जागी उजेड उरत नाही."

"त्यानासाठे इतलं शिकनी का तू?
अंधार ते आपेआप पडस."

भंगाळे सर हसले. ती नाही हसली.
आणि तेवढ्यात लाईट गेली.
पंखा गरगरत गरगरत थांबला.
"हा बघा," काळोखातून तिचा आवाज,
"हा आपोआप पडलेला.
याला कड नाही. यात काही ठेवता येत नाही.
मला उजेडानेच घडवलेला हवाय,
चारी बाजूंनी उजेडाने धरलेला."

जनरेटर धडधडला. लाल लेझर लागला.
पडद्यावर लाल गोळा,
आणि आत, जरा डावीकडे सरकून,
एक काळा ठिपका.

माझ्या तोंडून गेलं: डाग.

आमच्या धंद्यात हा एकच शब्द किती राबतो.
सांधा जोडायला देतो तो डाग.
बायका अंगावर घालतात ते डाग.
आणि हिऱ्यात निघाला की भाव पाडतो, तोही.
हा कुठला, ते मला ठरवता येईना.

तिनं एक स्क्रू फिरवला. लाल सगळं वाकडंतिकडं झालं.
ठिपका हलला, सरकला, पण मिटला नाही.
"एकटा असेल तर पुसता येत नाही त्याला.
उलट्या फेऱ्याचा दुसरा भेटला,
तरच दोघं मिटतात.
याच्याभोवती एक चक्कर मारा,
लाटेचे सगळे प्रहर लागतील वाटेत.
मधोमध मात्र किती वाजले,
हा प्रश्नच विचारता येत नाही."

"आणि ठेवणार काय त्यात?"
"एक अणू. उजेडात तो तापतो, बावरतो.
इथे बसेल निवांत."

"म्हणजे कोंदण. मग तसं सांग ना सरळ."

ती माझ्याकडे बघत राहिली.
मग खालच्या आवाजात, खोट सांगावी तसं,
"पुरता काळा नाहीये अजून.
हजारात तीन भाग उजेड गळतोय."
"नऊशे सत्त्याण्णव," मी म्हणालो,
"एवढ्याला तर हॉलमार्क बसतो."
तेव्हा कुठे हसली.

रात्री दुकानात परत आलो.
जुन्या गल्ल्याच्या तळाशी वडिलांची डबी होती,
मागच्या तीस वर्षांत कुणी न उघडलेली.
एक गुंज तळहातावर घेतली.
लाल, तुकतुकीत. एका कडेला काळा डोळा.
मध्यावर नाही. जरा बाजूला.

काट्यावर ठेवली:
एकशे सोळा मिलिग्रॅम.
उलटीपालटी करून पुन्हा ठेवली. तेवढीच.
काळ्याचं वजन
वेगळं काढता येईना.